मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लघवीच्या गोळीबद्दल बोला

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की तपासणीच्या वेळी एक ठरलेला प्रश्न येतो : सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत? सत्तरीतल्या गृहस्थांचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. बीपीची एक, शुगरची दोन वेळा, जमलं तर रक्त पातळ करणारी एक. रात्री जेवणानंतर घ्यायची प्रोस्टेटची कॅप्सूल मात्र या यादीत येत नाही. डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचा विषय कशाला काढायचा, असं वाटतं. शेजारी सून बसलेली असते. त्यातून कॅप्सूलचं नाव विचारलं तर तेही आठवत नाही. बीपी आणि शुगरची औषधं डॉक्टर न सांगताही गृहीत धरतात, रक्त आणि रक्तदाब तपासतातच. प्रोस्टेटच्या कॅप्सूलचा मात्र कुठल्याच तपासणीत पत्ता लागत नाही. ती आहे हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी सांगितलेलं बरं.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली ग्रंथी. वय वाढतं तशी ती फुगते. मग धार बारीक होते, लघवी थांबून थांबून होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. यावर सर्रास दिलं जाणारं औषध म्हणजे टॅम्सुलोसिन. त्याने ग्रंथी लहान होत नाही. ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू ज्या रिसेप्टरच्या हुकमाने आवळले जातात, तो अल्फा-1ए नावाचा रिसेप्टर हे औषध अडवून धरतं. स्नायू सैल पडतात आणि वाट मोकळी होते. औषध चांगलं आहे, लाखो लोकांची झोप त्याने परत आणली आहे. अडचण एवढीच की हाच रिसेप्टर डोळ्यातही आहे.

डोळ्याच्या मधोमध जी काळी बाहुली दिसते, ते खरं तर एक भोक आहे. त्याभोवतीचा तपकिरी पडदा म्हणजे आयरिस. या पडद्यात दोन स्नायू असतात. एक बाहुलीच्या कडेने गोल फिरतो आणि ती लहान करतो. दुसरा आऱ्यांसारखा बाहेरच्या दिशेने पसरलेला असतो आणि ती मोठी करतो. हा दुसरा स्नायू अल्फा-1ए रिसेप्टरवर चालतो. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो, त्यामुळे सर्जनला त्या भोकातूनच आत जावं लागतं. म्हणून ऑपरेशनआधी थेंब घालून बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठी करतात. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याची बाहुली कधी नीट मोठीच होत नाही. कधी सुरुवातीला छान मोठी होते आणि काम सुरू झाल्यावर हळूहळू मिटत जाते. ही दुसरी तऱ्हा जास्त फसवी, कारण तपासणीत सगळं ठीक दिसलेलं असतं.

बाहुली मिटणं हा त्रासाचा एक भाग झाला. फेको, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीत, यंत्राच्या टोकातून डोळ्यात सतत द्रव खेळत असतो. निरोगी पडदा त्या प्रवाहात जागच्या जागी ताणलेला राहतो. औषधाने सैल पडलेला पडदा दोऱ्या सुटलेल्या मांडवाच्या कापडासारखा फडफडतो, आणि द्रवाबरोबर वाहत जाऊन छेदातून बाहेर डोकावतो. तो आत ढकलावा तर पुन्हा बाहेर येतो. या ओढाताणीत पडद्याचा रंगद्रव्याचा थर खरवडला गेला तर पुढे उजेडात डोळे दिपतात, बाहुली वेडीवाकडी दिसते. त्याहून मोठी भीती मागच्या पापुद्र्याची. नवी लेन्स ज्या पिशवीत बसवतात, तिचा हा मागचा पापुद्रा मध्यभागी सुमारे 4 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक. लहान बाहुलीतून नीट दिसत नसताना तो फाटला तर मागचा जेलीसारखा पदार्थ पुढे येतो, मोतीबिंदूचे तुकडे खाली दृष्टिपटलावर घसरू शकतात आणि दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येते.

कॅलिफोर्नियातले दोन नेत्रसर्जन, डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल, यांनी 2005 साली हे सारं एकत्र मांडलं आणि त्याला इंट्राऑपरेटिव्ह फ्लॉपी आयरिस सिंड्रोम हे नाव दिलं. आपल्याकडचे डॉक्टर बोलताना नुसतं फ्लॉपी आयरिस म्हणतात. चँग यांनी ओळीने केलेल्या 900 शस्त्रक्रियांत सुमारे 2 टक्के रुग्णांत ही तऱ्हा दिसली, आणि त्यातले जवळजवळ सगळे टॅम्सुलोसिन घेणारे किंवा पूर्वी घेतलेले निघाले. तोवर हे औषध अमेरिकेत आठ वर्षं विकलं जात होतं. इतकी वर्षं असे डोळे सर्जनांच्या हातून जात होते आणि आजची बाहुली विचित्र वागली, एवढंच म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे वळत होते. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात इशारा छापला गेला.

पुढचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचायला हवेत. 2007 साली चँग आणि इतर काही केंद्रांतल्या सर्जनांनी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या 135 रुग्णांच्या 167 डोळ्यांवर, आधीपासून माहिती असताना आणि पूर्ण तयारीने, शस्त्रक्रिया केल्या. मागचा पापुद्रा फाटण्याचं प्रमाण निघालं 0.6 टक्के. म्हणजे औषध न घेणाऱ्यांत जेवढा धोका असतो त्याच्या आसपासच. 2009 साली कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या 66 वर्षांच्या आणि त्यावरच्या 96,128 पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑपरेशनच्या आधीच्या 14 दिवसांत टॅम्सुलोसिन घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंतीची शक्यता सुमारे 2.3 पट आढळली. 255 जणांमागे एक जास्तीचा रुग्ण, असा त्याचा हिशेब. रोजच्या धबडग्यातली परिस्थिती आणि तयारीची परिस्थिती यांत फरक किती पडतो, ते यावरून कळावं. औषध तेच, डोळा तोच. सर्जनला आधी माहीत होतं की नाही, यावर बरंच काही ठरतं. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने मोतीबिंदूचं ऑपरेशनच टाळावं, असा निष्कर्ष काढू नका. पिकत चाललेला मोतीबिंदू ठेवून देण्याने ऑपरेशन जास्त अवघडच होतं.

आता जी चूक हमखास होते तिच्याबद्दल. हे वाचून किंवा कुणाकडून ऐकून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी स्वतःच गोळी बंद करू नका. कारणं दोन. एक म्हणजे त्याचा फारसा उपयोग नाही. औषध काही दिवसांत रक्तातून जातं, पण पडद्याची सवय जात नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांत टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांचा बाहुली उघडणारा स्नायूच पातळ झालेला आढळला आहे, आणि औषध थांबवून वर्षं लोटलेल्या माणसांतही फ्लॉपी आयरिस दिसल्याच्या नोंदी आहेत. दुसरं कारण जास्त त्रासाचं. गोळी बंद झाली की प्रोस्टेट पुन्हा आवळते. त्यात बाहुली उघडी राहावी म्हणून सर्जनने ॲट्रोपिनचे थेंब दिले असतील, तर ॲट्रोपिन थोडंसं रक्तात उतरतं आणि मूत्राशयाचं आकुंचनही मंद करतं. दोन्ही एकत्र आलं की लघवी पूर्ण तुंबू शकते. डोळ्याचं ऑपरेशन राहतं बाजूला आणि रात्री अकरा वाजता नळी घालायला पळावं लागतं. बंद करायची की नाही, हा निर्णय डोळ्याच्या आणि लघवीच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं की चालू ठेवा, फक्त आम्हाला माहीत असू द्या.

कोणती गोळी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं. टॅम्सुलोसिन हे खरं नाव खाली बारीक अक्षरांत, आणि ज्याला मोतीबिंदू झाला आहे त्यालाच ते वाचायचं असतं. यूरीमॅक्स, वेल्टाम ही आपल्याकडची परिचित नावं टॅम्सुलोसिनची. यूरीमॅक्स डी किंवा ड्युटास टी यांसारख्या जोडगोळ्यांत टॅम्सुलोसिनबरोबर ग्रंथी लहान करणारं ड्युटास्टेराइड असतं. ‘मी तर ड्युटास घेतो, टॅम्सुलोसिन नाही’ असं म्हणणाऱ्याच्या पाकिटात ते शेवटच्या ‘टी’मध्ये लपलेलं असू शकतं. नुसतं ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी, पण तेही सांगावंच. सिलोडोसिन, म्हणजे सिलोडाल वगैरे, टॅम्सुलोसिनसारखंच अल्फा-1ए वर नेम धरणारं आहे, त्यामुळे ते त्याच रांगेत. अल्फुझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन यांनी त्रास होऊ शकतो, पण त्याचं प्रमाण कमी आणि तीव्रताही कमी. याच कुळातलं प्राझोसिन आपल्याकडे बीपीसाठी, विशेषतः मूत्रपिंडाच्या रुग्णांना, मिनिप्रेस एक्सएल या नावाने दिलं जातं. ते घेणारा माणूस स्वतःला प्रोस्टेटचा रुग्ण समजतच नाही. तो म्हणतो बीपीची गोळी, आणि खोटं बोलत नसतो.

हा सारा पुरुषांचा मामला आहे, असंही समजू नका. टॅम्सुलोसिन मूतखडा खाली उतरावा म्हणूनही देतात, कधी सूज कमी करणाऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. मूतखडा बायकांनाही होतो. काही स्त्रियांना लघवी पूर्ण होत नाही म्हणूनही हे औषध दिलं जातं. आणि डोळ्याच्या दवाखान्यात समोर बाई बसली असेल तर प्रोस्टेटची गोळी घेता का, असं विचारण्याचं सुचणार कुणाला? तिने स्वतःहून सांगितलं तरच कळणार. मनोविकारांवरच्या काही औषधांनीही, उदाहरणार्थ क्लोरप्रोमाझिन किंवा रिस्पेरिडोनने, आयरिस सैल पडल्याच्या नोंदी आहेत. ती औषधंही घरचे लोक हमखास लपवतात. लपवायचीच असतील तर पाहुण्यांपासून लपवा.

मग सांगायचं कसं? नावं तोंडपाठ करण्याची गरज नाही. घरातल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून तपासणीला न्या आणि टेबलावर ओता. त्याने वेळ जाईल, मागचा रुग्ण कुरकुरेल. कुरकुरू दे. मूत्ररोगतज्ज्ञांची जुनी फाईल असेल तर तीही बरोबर ठेवा. आता बंद असलेल्या गोळ्यांबद्दल स्वतःहून बोला, कारण ‘सध्या काय चालू आहे’ या प्रश्नात त्या बसत नाहीत : ‘डॉक्टर, चार वर्षांपूर्वी मला प्रोस्टेटसाठी गोळी होती, वर्षभर घेतली, मग ऑपरेशन झालं आणि थांबवली.’ एवढं वाक्य पुरे. ज्याची प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडून काढली आहे, तो तर या औषधाला विसरून गेलेला असतो. त्याने आठवणीने सांगावं. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. मुलगा किंवा सून बरोबर येणार असेल तर त्यांना आदल्या रात्री घरीच सांगून ठेवा. पुष्कळ घरांत वडिलांना हा त्रास आहे, हे मुलांना अशा वेळीच पहिल्यांदा कळतं.

सांगितल्यावर ते केस पेपरवर लिहिलं गेलं का, तेही पाहा. तपासणारे डॉक्टर एक, ऑपरेशन करणारे दुसरे, असं मोठ्या इस्पितळांत नेहमीच असतं, आणि तोंडी सांगितलेलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत विरतं. ऑपरेशनच्या दिवशी, भूल देण्याआधी, सर्जनला पुन्हा एकदा सांगायला काहीच हरकत नाही. शिबिरातून आलेल्या रुग्णांसाठी हे जास्त महत्त्वाचं. गावात तपासणी होते, बसने शहरातल्या इस्पितळात आणतात, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. बरोबर ना फाईल, ना मुलगा. शिबिर भरवणारी मंडळं चहा-नाश्त्याची, ने-आणीची उत्तम सोय करतात. बोलावण्याच्या पत्रकात ‘लघवीची, प्रोस्टेटची किंवा मूतखड्याची औषधं आता किंवा पूर्वी घेतली असतील तर स्ट्रिप बरोबर आणा’ ही एक ओळ छापायला त्यांना काहीच खर्च नाही.

शिबिरांत आणि पुष्कळ धर्मादाय इस्पितळांत फेकोऐवजी हाताने करायची लहान छेदाची पद्धत वापरतात. छेद सहा-सात मिलिमीटरचा, मोतीबिंदूचा गड्डा अख्खा बाहेर काढतात, बहुधा टाका लागत नाही. खर्च कमी, कुशल हातात निकाल फार चांगले. पण इथेही गड्डा बाहुलीतूनच पुढे आणावा लागतो, आणि अख्खा आणायचा म्हणजे बाहुली चांगली मोठी हवी. सैल पडद्याचा त्रास यंत्राच्या पद्धतीत होतो, आपल्याला काय, असं या पद्धतीत समजून चालत नाही.

सर्जन काय करतात, हे माहीत असलं की त्यांचं बोलणं नीट कळतं. काही जण दोन-तीन दिवस आधीपासून ॲट्रोपिनचे किंवा सूज रोखणारे थेंब घालायला सांगतात. ते वेळेवर घाला, पण ॲट्रोपिन सुरू असताना लघवी अडू लागली तर लगेच कळवा. ऑपरेशन सुरू होताना प्रिझर्वेटिव्ह नसलेलं फेनिलेफ्रिन किंवा ॲड्रेनालिन अगदी थोडं थेट डोळ्याच्या आत सोडतात, त्याने पडद्यात ताठपणा येतो. ही औषधं बीपी आणि हृदयाच्या रुग्णांत जपून वापरायची असल्याने ती माहितीही खरी आणि पुरी द्या. घट्ट जेल भरून पडदा जागेवर दाबून ठेवता येतो, यंत्राचा प्रवाह मंद ठेवता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर बाहुली यांत्रिकपणे उघडी धरायची. त्यासाठी बारीक आकडे असतात, किंवा बाहुलीच्या कडेत अडकवायची रिंग. मॉस्कोचे बोरिस माल्युगिन यांची रिंग जगभर वापरली जाते. कोलकात्याचे डॉ. सुवेन भट्टाचार्जी यांनी बी-हेक्स नावाची पातळ षटकोनी रिंग केली आहे, आणि तीही आज बाहेरच्या देशांत वापरात आहे. पूर्वी बाहुली लहान असली की सर्जन ती ताणून किंवा कडेला बारीक काप देऊन काम भागवत. चँग आणि कॅम्पबेल यांना दिसलं की फ्लॉपी आयरिसमध्ये हा उपाय टिकत नाही, ताणलेली बाहुली परत मिटते. ऐन वेळी रिंग शोधण्यापेक्षा ती आधीच ट्रेवर असावी, एवढ्यासाठी तुमची माहिती लागते.

भेटीच्या वेळी दोन प्रश्न जरूर विचारा. रिंग किंवा आकडे लागण्याची शक्यता किती, आणि लागले तर त्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला आहे की वेगळा? आणि भूल कोणती देणार? नुसत्या थेंबांची भूल बहुतेकांना पुरते, पण पडद्याला सारखा हात लावावा लागणार असेल तर काही सर्जन डोळ्याभोवती इंजेक्शन देणं पसंत करतात. यात कमीपणा नाही.

ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे पण गोळी अजून सुरू झालेली नाही, त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा उपाय उपलब्ध आहे. टॅम्सुलोसिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असताना हे औषध नव्याने सुरू करू नये. तेव्हा लघवीची तक्रार घेऊन गेलात की मूत्ररोगतज्ज्ञांना सांगा : मला मोतीबिंदू आहे असं म्हणतात. ते घाई नसेल तर आधी डोळे उरकून घ्यायला सांगतील, किंवा अल्फुझोसिनसारखं कमी धोक्याचं औषध निवडतील. त्रास जास्त असेल तर टॅम्सुलोसिनच देतील आणि तेही बरोबरच, कारण तुंबलेलं मूत्राशय थांबत नाही. माझ्या मते ही विचारणा डॉक्टरांनीच करायला हवी, साठीपुढच्या माणसाला या औषधाची चिठ्ठी लिहून देताना ‘डोळे तपासलेत का’ एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. काही जण विचारतातही. सगळे विचारतील यावर विसंबू नका.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल एक बारीक गोष्ट. टेबलावर जाण्याच्या अगदी आधी लघवीला जाऊन या, लागली नसली तरी. प्रोस्टेटच्या रुग्णाला पंधरा-वीस मिनिटं स्थिर पडून राहताना मध्येच घाई लागते, तो हलतो, आणि डोळ्यात अवजार असताना हलणं कुणालाच परवडत नाही. चाचण्या आणि थेंबांच्या गडबडीत कुणी आठवण करून देणार नाही, स्वतः उठून विचारा.

एका डोळ्याचं झालं की दुसऱ्याचा प्रश्न काही महिन्यांनी येतो, आणि तो बऱ्याचदा दुसऱ्या गावी, दुसऱ्या सर्जनकडे. मुलाकडे पुण्याला गेलात की तिथे, किंवा मुलीकडे न्यू जर्सीला. म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर सर्जनना विचारून घ्या : आयरिस सैल होती का, बाहुली मिटली का, रिंग वापरली का? ते उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा आणि कार्ड जपून ठेवा. एका डोळ्यात त्रास झाला असेल तर दुसऱ्यात होण्याची शक्यता मोठी. पहिला डोळा निर्धोक पार पडला असला तरी दुसऱ्या वेळी गोळीचं नाव पुन्हा सांगा, कारण एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत त्रासाची तीव्रता वेगळी असू शकते, आणि कदाचित मधल्या महिन्यांत गोळीही बदललेली असते.